कोणाच्या हातचं?

माझी आजी १९६८ साली काशीला जाऊन आली. तिच्या यात्रेच्या गोष्टीत काशीविश्वेश्वर पाच मिनिटांत उरकायचा. दशम्या मात्र अर्धा तास पुरायच्या. कणीक पाण्यात न भिजवता दुधात कशी भिजवली, पितळी डब्यात केळीचं पान घालून त्या कशा रचल्या, कोणता डबा कोणत्या दिवशी उघडायचा. तिसऱ्या दिवशी दशम्या संपल्या. मग काय खाल्लंत, असं विचारलं की ती म्हणायची, "मग पुऱ्या. स्टेशनातल्या पुऱ्या चालतात."

का चालतात? "तळलेल्या असतात ना."

मला लहानपणी हे आरोग्याचं कलम वाटायचं. गरम तेलात जंतू मरतात, वगैरे. पुढं कामानिमित्त दिल्लीहून हरिद्वारला आणि अमृतसरला वारंवार जाणं झालं, रस्त्याकडेच्या पाट्या वाचत बसण्याचा नाद लागला, आणि आजीच्या पुरीचा अर्थ भलताच निघाला. 'शुद्ध वैष्णव भोजनालय', 'वैष्णो ढाबा', 'शुद्ध देशी घी', 'बिना प्याज-लहसुन'. पुण्या-मुंबईत 'शुद्ध शाकाहारी' वाचलं की आपण एवढंच समजतो, की आत मटण मिळणार नाही. उत्तरेतली पाटी मात्र ताटात काय आहे हे सांगण्याआधी दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर देत आलेली आहे. स्वयंपाक कोणाच्या हातचा?

हा प्रश्न सरकारी पातळीवर किती जुना आहे ते पाहायचं तर शेरशाह सूरापाशी जावं लागतं. त्याची कारकीर्द जेमतेम पाच वर्षांची, १५४० ते १५४५. तेवढ्यात त्यानं बंगालपासून सिंधूपर्यंतचा रस्ता नीट केला आणि वाटेवर सराया बांधल्या. अकबराच्या काळात त्याचा इतिहास लिहिणाऱ्या अब्बास सरवानीनं या सरायांचं वर्णन केलं आहे. दर दोन कोसांवर एक सराई, एकूण सतराशे. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी राहण्याची वेगळी सोय, आणि हिंदूंना गरम-गार पाणी, अंथरूण, जेवण देण्यासाठी नेमलेले ब्राह्मण. आकडा थोडा फुगवलेला असेलही. दरबारी इतिहासकारांची ती सवयच. पण मुद्दा आकड्याचा नाही. राज्यकर्त्याला कळत होतं, की रस्ता कितीही चांगला केला तरी पाणी कोणी द्यायचं हे ठरवल्याशिवाय त्यावरून अर्धी माणसं चालणार नाहीत.

अर्थात सगळ्यांना सराईतला ब्राह्मण पुरत नव्हता. बहुतेक हिंदू प्रवासी शिधा विकत घेत, तीन दगडांची चूल मांडत आणि आपलं आपण शिजवत. बदरी-केदारच्या पायवाटेवर तर या सवयीवर एक अख्खी व्यवस्था उभी होती. चार-पाच मैलांवर एक 'चट्टी' असे. चट्टीवाल्याकडून पीठ, डाळ, तूप घेतलं की रात्रीचा मुक्काम फुकट आणि स्वयंपाकाची भांडीही फुकट. म्हणजे खाणावळ, पण स्वयंपाकी नसलेली! गिऱ्हाइकाला स्वयंपाकी नकोच होता. ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांच्यासाठी काली कमलीवाले बाबांची सदावर्तं होती. अहिल्याबाई होळकरांची अन्नछत्रं, धर्मशाळा आणि घाट उत्तरेतल्या कितीतरी तीर्थांवर उभे राहिले, तेही याच गरजेपोटी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले, बंडात सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला आणि शेवटी दक्षिणेऐवजी गंगेची कावड घेऊन घरी परतले. एवढ्या धामधुमीत असा भिक्षुक जगू शकला, कारण ठिकठिकाणी मराठी सरदारांची आणि भटा-ब्राह्मणांची घरं होती. 'ओळखीचा हात' सापडेल अशा घरांचा एक अदृश्य नकाशाच या लोकांच्या डोक्यात असे. गंगेची ही कावड लक्षात ठेवा, पुढं ती पुन्हा येणार आहे.

पण ज्याला चूल मांडायला वेळ नाही आणि ज्याचं वाटेत कोणी नाही, त्यानं काय करायचं? इथं उत्तरेनं एक फार हुशार तोडगा काढला. अन्नाचे दोन भाग केले, कच्चं आणि पक्कं. कच्चं म्हणजे न शिजलेलं नव्हे. पाण्यात शिजवलेला भात, डाळ, खिचडी, तव्यावरची कोरडी रोटी, हे सगळं कच्चं. ते फक्त आपल्या जातीच्या किंवा आपल्याहून वरच्या जातीच्या हातचं चालायचं. पक्कं म्हणजे तुपात तळलेलं: पुरी, कचोरी, पक्वान्न, मिठाई. हे हलवायाच्या हातचं चालतं, बाजारात उभं राहून खाल्लं तरी चालतं. तूप गाईकडून येतं आणि विटाळ अडवतं, अशी त्यामागची समजूत. ई. ए. एच. ब्लंट नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं १९३१ साली उत्तर भारतातल्या जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, त्यात या कच्च्या-पक्क्याचा हिशेब तपशिलानं दिला आहे. कोणाची रोटी कोणाला चालते, कोणाची फक्त पुरी चालते, कोणाचं फक्त पाणी चालतं.

आजीच्या दशम्यांमध्ये पाण्याऐवजी दूध होतं, तेही यामुळेच. आपल्याकडे कच्चं-पक्कं हे शब्द नाहीत, पण पाणी लागलं की अन्न ओवळं आणि दुधात भिजवलं की प्रवासात चालतं, हा तर्क तोच. ती स्टेशनातली पुरी नि:शंकपणे खाऊ शकली, कारण कुठल्याशा अनोळखी हलवायाचा हात आणि तिचं तोंड यांच्या मध्ये तूप होतं.

उत्तरेतल्या बाजाराचं खाणं असं का आहे, हे यातून बरंचसं उलगडतं. बनारसची सकाळ कचोरी-भाजीनं उगवते, मथुरेला पुरी आणि आलू, आग्र्याला बेडई. भात-वरणाची दुकानं पूर्वी कुठं फारशी दिसत नसत. दिल्लीच्या चांदणी चौकात 'पराठेवाली गली' आहे. तिथली जुनी दुकानं आपला जन्म १८७०च्या दशकातला सांगतात. कांदा-लसूण तिथं आजही वर्ज्य. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कढई. घरचा पराठा तव्यावर भाजतात. या गल्लीतला पराठा पुरीसारखा तळतात. चवीसाठी म्हणावं, तर घरच्या पराठ्याला कोणी नावं ठेवत नाही. माझा आपला अंदाज असा, की तव्यावरची रोटी बाजारात विकायला 'कच्ची' पडली असती, म्हणून ती कढईत उतरली आणि पक्की झाली. आणि सोबतची भाजी? बटाट्याची. पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आलेला हा कंद, कुठल्याही शास्त्रात ज्याचं नाव नाही, तो दीड-दोनशे वर्षांत उत्तरेच्या सगळ्यात सोवळ्या दुकानांचा आधार होऊन बसला. शास्त्रात निषेध नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ लावला गेला असावा.

तुपावर एवढी भिस्त असल्यावर तुपात भेसळ म्हणजे धर्मसंकटच. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि हलवायांच्या पाट्यांवर 'शुद्ध देशी घी'ची अक्षरं ठळक झाली. आज ती पाटी आपण चवीची हमी म्हणून वाचतो.

ही सगळी व्यवस्था ज्यांना तूप असो वा दूध, कुठल्याच वाटेनं आत घेत नव्हती, त्यांच्याबद्दल इथंच बोललं पाहिजे. हलवायाची पुरी सर्वांना चालते म्हणताना 'सर्व' या शब्दात अस्पृश्य नव्हते. त्यांना विकताना पुरी वरून टाकली जाई आणि त्यांच्या हातच्या पुरीचा तर प्रश्नच नव्हता. ओमप्रकाश वाल्मीकींचं 'जूठन' १९९७ साली आलं. लेखक मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या बरला गावचे, म्हणजे दिल्ली-हरिद्वार रस्त्याच्याच टापूतले. लग्नाच्या पंगती उठल्या की पत्रावळींवर राहिलेले पुऱ्यांचे तुकडे गोळा करायचे, उन्हात वाळवायचे आणि पावसाळ्याच्या उपासमारीसाठी ठेवायचे, हे त्या पुस्तकात आहे. आजीची निर्धास्त पुरी आणि ही वाळवलेली पुरी, दोन्ही एकाच कढईतल्या.

मग रेल्वे आली. एका बाकावर कोणाशेजारी कोण बसेल याचा नेम राहिला नाही, त्यामुळे फलाटावर कडेकोट बंदोबस्त झाला. साहेब लोकांसाठी ईस्ट इंडियन रेल्वेवर केल्नर कंपनीची टेबलखुर्चीवाली उपाहारगृहं. एतद्देशीयांसाठी हिंदू उपाहारगृह आणि मुसलमान उपाहारगृह. 'हिंदू पानी' आणि 'मुसलमान पानी' अशा आरोळ्या देत पाणीवाले डब्याडब्यांसमोरून फिरत. हिंदूंना पाणी देणारा ब्राह्मण असे, त्याचं नावच पडलं 'पानी पांडे'. पाणी हे सगळ्यात कच्चं. ते तळता येत नाही. पुरी हलवायाची चालेल, पाण्याला मात्र पांडेच हवा. फलाटावरच्या इतर मालाकडे पाहा: मथुरेचे पेढे, आग्र्याचा पेठा, संडील्याचे मातीच्या हंडीतले लाडू. स्टेशनांची कीर्ती मिठाईवर आहे. कोणत्या स्टेशनची डाळ प्रसिद्ध आहे असं फार ऐकायला मिळत नाही.

आझाद हिंद फौजेचे सैनिक दिल्लीत कैदेत असताना गांधीजी त्यांना भेटायला गेले, तेव्हाची एक हकिकत आहे. सैनिकांनी तक्रार केली, की फौजेत आम्ही एकत्र जेवत होतो, इथं मात्र सकाळी 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' वेगळा येतो. मग तुम्ही काय करता, असं गांधीजींनी विचारलं. दोन्ही अर्धा-अर्धा एकत्र करतो आणि वाटून पितो, असं उत्तर मिळालं. स्वातंत्र्यानंतर फलाटांवरच्या धर्माच्या पाट्या उतरल्या. रेल्वेच्या कारभारात उरल्या त्या शाकाहारी आणि मांसाहारी उपाहारगृहांच्या पाट्या. माझ्या मते हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. 'कोणाच्या हातचं' हा प्रश्न खोडून तिथं 'कशाचं' हा प्रश्न लिहिला गेला. निदान पाटीवर तरी.

पंजाबची गोष्ट थोडी वेगळी. तिथं हिंदू म्हणजे शाकाहारी असं समीकरण कधी नव्हतंच. १८९३ साली पंजाबातला आर्यसमाज दुभंगला, त्याला शिक्षणाइतकंच मांसाहाराचंही कारण होतं. मांस खाणारे 'मास पार्टी' आणि न खाणारे 'घास पार्टी', अशी नावं लोकांनीच ठेवली. अशा मुलखात शाकाहारी दुकानाला ते मुद्दाम सांगावं लागतं, म्हणून 'वैष्णो ढाबा'. हा शब्दही गमतीचा. विष्णूच्या भक्तीशी त्याचा संबंध राहिलेला नाही. डोंगरातल्या ज्या देवीला बकरा चालत नाही ती वैष्णो देवी, आणि ज्या दुकानात चालत नाही तो वैष्णो ढाबा.

अमृतसरचा 'केसर दा ढाबा' १९१६ साली शेखुपुऱ्यात, लाहोरजवळ, लाला केसरमल यांनी सुरू केला. १९४७ला ते कुटुंब सीमा ओलांडून अमृतसरला आलं आणि पासियां चौकाजवळच्या गल्लीत ढाबा पुन्हा उभा राहिला. मोठ्या हंड्यात रात्रभर मंद शिजणारी डाळ ही तिथली ओळख. जरा थांबून पाहा, डाळ! आणि तंदूरची रोटी. कच्च्या-पक्क्याच्या हिशेबात दोन्ही पुरती कच्ची. पंजाबात तंदूर मोहल्ल्याचा असे. बायका घरून कणीक मळून आणत आणि एकाच भट्टीवर सगळ्यांच्या रोट्या निघत. तिथं कच्च्या-पक्क्याचा बाऊ आधीच कमी. फाळणीनंतर लाखो माणसं दिल्लीत, हरियाणात, पश्चिम उत्तर प्रदेशात येऊन पडली, त्यांनी हीच डाळ-रोटी रस्त्यावर मांडली. ढाबेवाला कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं आणि ट्रक ड्रायव्हरला विचारायची फुरसत नव्हती. शतकानुशतकं पुरीच्या आड उभा असलेला उत्तरेतला प्रवासी अनोळखी माणसाच्या हातची पाण्यात शिजवलेली डाळ खाऊ लागला. माझ्या वाचनात या घटनेला क्रांती कोणी म्हटलेलं नाही. तिचा काही उत्सव नाही, तारीख नाही.

त्या डाळीचं थोरलं रूप म्हणजे डाल मखनी. शाकाहारी ढाब्यांचा हा मानाचा पदार्थ नेमका कुठून आला यावर २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दोन हॉटेलांचा दावा गेला. दोघांचाही वारसा पेशावरहून आलेल्या आणि तंदुरी मुर्गीसाठी नावाजलेल्या 'मोती महल'शी जोडलेला. म्हणजे वैष्णो ताटातली सर्वांत लाडकी वाटी बहुधा मुर्गीच्या तंदूराशेजारी भरली गेली.

दिल्लीहून उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर मुरथल आहे. शेरशाहाच्याच रस्त्यावर. १९५६ साली इथं ट्रकवाल्यांसाठी सुरू झालेला 'अमरीक सुखदेव' आज विमानतळाएवढा वाटतो. मध्यरात्री दोन वाजता पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवलेल्या पराठ्यांसाठी तिथं रांग असते. मुरथलचे नावाजलेले ढाबे शाकाहारी आहेत. यात हरियाणाच्या दूधदुभत्याचा वाटा मोठा. २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीत तिथले दोनतृतीयांशांहून अधिक लोक शाकाहारी निघाले. (त्याच पाहणीत उत्तर प्रदेशात मांसाहारी निम्म्याहून थोडे जास्तच होते, हे अनेकांना खरं वाटत नाही.) पण कढई सुटलेली आहे. मुरथलचा पराठा तंदुरातून येतो.

दोन जागा अशा आहेत जिथं शाकाहाराचा तर्क आधीपासून उलटा चालला. अमृतसरच्या हरमंदिर साहिबच्या लंगरमध्ये रोज पन्नास हजारांहून जास्त माणसं जेवतात. पंजाबात मांस खाणारे शीख पुष्कळ, पण लंगर शाकाहारी. कारण त्या पंगतीत कोणालाही बसता आलं पाहिजे. रोट्या कोण लाटतं? जो येईल तो. मीही लाटल्या आहेत, वाकड्या. दुसरी जागा अजमेरचा दर्गा. अकबरानं दिलेली मोठी देग आणि जहांगीरनं दिलेली छोटी देग तिथं अजून चुलीवर चढते. आत शिजतं ते तांदूळ, तूप, साखर, सुका मेवा आणि केशर. मांस नाही, कांदा-लसूणही नाही, का, तर दर्ग्यावर हिंदूही येतात. दोन्हीकडे शाकाहार आहे तो जास्तीत जास्त माणसांना आत घेण्यासाठी. ऋषिकेशला मात्र नगरपालिकेच्या हद्दीत मांस, मासे, अंडी विकायला बंदी आहे. ती सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली कायम केली. तिथं शाकाहार ही गावाची सीमा झाली.

आणि आता ती कावड. श्रावणात लाखो कांवडिये हरिद्वारहून गंगाजल घेऊन पायी निघतात, मुजफ्फरनगरवरून दिल्लीकडे आणि पुढं. त्यांना कांदा-लसणाशिवायचं जेवण लागतं, आणि ते देणारे ढाबे रस्ताभर आहेत. जुलै २०२४मध्ये मुजफ्फरनगर पोलिसांनी या रस्त्यावरच्या खाण्याच्या दुकानांना मालकांची नावं ठळक लिहायला सांगितलं. पाठोपाठ तो आदेश उत्तर प्रदेशभर गेला. कारण दिलं गेलं ते यात्रेकरूंचा संभ्रम टाळण्याचं. संभ्रम कशाचा, तर शाकाहारी ढाबा चालवणारा मुसलमान असू शकतो याचा. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम स्थगिती दिली: कोणतं अन्न मिळतं हे लिहायला सांगता येईल, मालकांची आणि नोकरांची नावं लिहायची सक्ती करता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती भट्टींनी केरळातली आपली आठवण सांगितली. गावात दोन शाकाहारी हॉटेलं होती, एक हिंदूचं, एक मुसलमानाचं. ते मुसलमानाच्या हॉटेलात जात, कारण तिथली स्वच्छता चांगली होती. पुढच्या वर्षी नावाच्या पाटीऐवजी क्यूआर कोड आले.

खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका २००१पासून आहे. आत काय आहे एवढंच तो सांगतो. यंत्रावर कोण होतं ते सांगत नाही, आणि पाकीट फोडताना ते कोणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

त्या निकालानंतर दोन महिन्यांनी आम्ही त्याच रस्त्यानं हरिद्वारला चाललो होतो. पाऊस होता. एका ढाब्यावर गाडी थांबवली. पाटीवर 'शुद्ध वैष्णव' होतं आणि त्याखालची एक ओळ नव्या पांढऱ्या रंगानं पुसलेली होती. खालची अक्षरं पुसट दिसत होती, वाचता येत नव्हती. माझ्या बरोबरच्या मावशी सत्तरीच्या, आजीच्या धाकट्या भाच्या. त्यांनी पोऱ्याला एवढंच विचारलं, "बेटा, दाल गरम है ना?" तो म्हणाला, "अभी उतरी है, माताजी." आम्ही एक दाल आणि चार तंदुरी रोट्या सांगितल्या. तंदुरावर कोण होतं ते आमच्या टेबलावरून दिसत नव्हतं.